फोर्ट विल्यमचे रंग कोणाचे?

जुन्या फोर्ट विल्यमचे जे चित्र बहुतेक पुस्तकांत दिसते, ते १७५४ सालचे आहे. हुगळीचे पाणी, शिडांची जहाजे आणि काठावर किल्ला. ते कोरणारा यान व्हान रायन हा डच कलावंत लंडनमध्ये काम करी. तो हिंदुस्थानात आल्याचा पुरावा नाही. त्याच्याही वीसेक वर्षे आधी जॉर्ज लॅम्बर्ट आणि सॅम्युअल स्कॉट या दोघांनी कंपनीच्या लंडनमधील कचेरीसाठी हाच किल्ला रंगवला होता, तोही कलकत्ता न पाहता. म्हणजे आपण ज्याला पुरावा समजतो, तो मुळात ऐकीव माहितीचा अनुवाद आहे.

मराठी वाचकाला या किल्ल्याशी फार ओळख करून घ्यावी लागत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारीच्या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खणलेला खंदक ‘मराठा डिच’ म्हणूनच ओळखला गेला. १७५६ मध्ये सिराजउद्दौल्याने जुना किल्ला घेतला. १७५८ पासून दक्षिणेला नवा बांधला गेला. तो आज लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे आणि अलीकडेच त्याचे नाव ‘विजय दुर्ग’ झाले, आपल्या कोकणातल्या विजयदुर्गावरून. ज्यांच्या भीतीने खंदक खणला, त्यांच्याच गडाचे नाव! इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणतो?

चित्रांकडे परत येऊ. टॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ मध्ये कलकत्त्यात आले, आणि त्याच वर्षी टॉमसने शहराची बारा दृश्ये काढायला घेतली. ती १७८८ पर्यंत पुरी झाली. त्यांतल्या एकात जुना किल्ला, नाटकघर आणि हॉलवेलचा स्मृतिस्तंभ आहे. हा माणूस निदान समोर उभा राहून काढत होता. पण रेखाटन ते रंगीत छापील चित्र हा प्रवास लांबचा. तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरायची, मग राळेची बारीक पूड पसरून पत्रा तापवायचा, म्हणजे ती चिकटते. जिथे कागद पांढरा राहायला हवा तिथे आधीच वॉर्निश लावायचे आणि पत्रा आम्लात बुडवायचा. पुन्हा वॉर्निश, पुन्हा आम्ल. दर खेपेला उघडा राहिलेला भाग अधिक गडद होतो. या पद्धतीला ॲक्वाटिंट म्हणतात. छापताना शाई एखाद-दोन रंगांचीच. आकाशाची निळाई, झाडांची हिरवळ, पागोट्याचा लाल रंग हे सारे नंतर ब्रशने, जलरंगात, प्रत्येक प्रतीवर वेगळे. कलकत्त्यात कुशल कारागीर मिळेनात, म्हणून चित्रकार, खोदकार, तांबट आणि छपाईवाला या सगळ्या भूमिका आपल्यालाच कराव्या लागल्या, अशी कुरकुर टॉमसने एका पत्रात केली आहे.

आज कोणी हाती काढलेले चित्र स्कॅन करून संगणकावर रंगवतो तेव्हा रेषेचा थर वेगळा, छायेचा वेगळा, रंगाचा वेगळा ठेवतो. डॅनिएलचे तंत्र याहून फार निराळे नव्हते. फरक एकच, पण मोठा: संगणकावरच्या फाइलमध्ये थर पुन्हा सुटे करता येतात. कागदावर ब्रश फिरला की रेषा आणि रंग एकजीव होतात, आणि पाहणारा दोन्ही एकाच साक्षीदाराच्या तोंडचे समजतो. एकाच दृश्याच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकीत संध्याकाळ असू शकते, दुसरीत सकाळ. त्यांतली जी प्रत आधी स्कॅन झाली तीच आता जगभर ‘अठराव्या शतकातले कलकत्ता’ होऊन बसते. मला हे धोक्याचे वाटते. पुस्तकाचे मुखपृष्ठ सजवायला ती खुशाल वापरा. पण तिच्यावरून भिंतीचा रंग ठरवू नका.

रेषा आणि रंग यांच्यामध्ये माणसेही हरवतात. पुण्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट नावाचा चित्रकार होता. त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, वेरूळची लेणी काढली. मॅलेटचा वेरूळवरचा लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत, सहाव्या खंडात आला. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात आला तेव्हा गंगाराम त्याचा साहाय्यक झाला. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याची वेरूळची रेखाटने लंडनमध्ये टॉमस डॅनिएलच्या हाती पडली आणि १८०३ मध्ये त्यांची चोवीस रंगीत दृश्ये प्रसिद्ध झाली. शीर्षकपानावर रेखाटनांसाठी वेल्सचे नाव आहे, कोरण्यासाठी डॅनिएलचे. गंगारामाचे नाही. रंग भरणाऱ्यांचे तर नाहीच.

अनुवादकाला शीर्षकपान आधी पाहायची खोड असते. त्यामुळे हे मला जरा जास्तच टोचते. पण गंमत अशी, की ज्या स्कॅनिंगबद्दल वर तक्रार केली त्यानेच इथे उलटे काम केले आहे. गंगारामाची मूळ रेखाटने आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. केंद्राच्या संकेतस्थळावर ती त्याच्या नावानिशी मोठी करून पाहता येतात. वेरूळच्या खांबांच्या रेषा तिथे दिसतात, लंडनचा रंग चढण्याआधीच्या.