बुजविलेल्या खिडक्या

परदेशचीं जुनीं शहरें पाहावयास जाणारा आमच्याकडील प्रवासी बहुधा राजवाडे, प्रार्थनामंदिरें आणि पुतळे पाहून परततो. आम्हीही प्रथम तेंच केलें होतें. पुढें लंडनच्या जुन्या वस्त्यांतून निवांतपणें हिंडतांना आमचें लक्ष एका क्षुल्लक गोष्टीकडे गेलें. विटांच्या घराच्या दर्शनी भिंतींत जेथें खिडकी असावयाची, नेमक्या त्याच जागीं खिडकीच्या मापाचा कोनाडा होता. वरची कमान शाबूत, खालचा दगड शाबूत. मात्र कांचेच्या जागीं विटा. उजेडाची वाट कोणीं व कां बंद केली असावी?

इंग्लंडांत दुसऱ्या चार्ल्सच्या अमदानींत, १६६२ सालीं, चूलपट्टी बसली. दर चुलीस वर्षाला दोन शिलिंग. पैशांपेक्षांही लोकांना सलत असे ती वसुलीची रीत. कारण चुली मोजावयाच्या म्हणजे सरकारी माणूस थेट माजघरापर्यंत येणार! १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर नव्या राजवटीनें दुसऱ्याच वर्षीं ही पट्टी रद्द केली आणि प्रजेचा दुवा घेतला. परंतु तिजोरीला दुवा पुरत नाहीं. कडा कातरलेलीं चांदीचीं नाणीं बदलून देण्याचा मोठा खर्च अंगावर आला, तेव्हां १६९६ सालीं खिडकीपट्टी निघाली. तिची खुबी अशी कीं, खिडक्या रस्त्यावर उभें राहूनच मोजतां येत. प्रत्येक घरास दोन शिलिंग; खिडक्या दहापासून वीसपर्यंत असल्यास आणखी चार, आणि त्याहून अधिक असल्यास आणखी आठ.

घरमालकांनीं हिशेब केला आणि गवंडी बोलावला. येथें एक खुलासा अवश्य आहे. दिसेल ती बुजविलेली खिडकी करामुळेंच बुजली, असें मात्र समजूं नये. अठराव्या शतकांतील वास्तुशिल्पी भिंतीचा समतोल राखण्यासाठीं मुद्दाम खोट्या खिडक्याही काढीत. परंतु खऱ्या खिडक्या पुष्कळ बुजल्या, याविषयीं शंका नाहीं. पुढें कराची मर्यादा खालीं येत गेली. १७६६ सालीं ती सात खिडक्यांवर आली. अॅडम स्मिथनें १७७६ च्या आपल्या ग्रंथांत ह्या पट्टीचा दोष नेमका दाखविला आहे. लहान गांवांतील दहा पौंड भाड्याच्या घरास लंडनमधील पांचशें पौंड भाड्याच्या घराहून अधिक खिडक्या असूं शकतात. म्हणजे भार गरिबावर अधिक. शहरांतील भाडोत्री चाळींची स्थिति तर याहून वाईट. सारी इमारत एकच घर म्हणून मोजली जाई, कर मालकाला भरावा लागे, आणि खिडकी बुजली म्हणजे अंधारांत राहावयाचें तें भाडेकरूला! हवा आणि प्रकाश यांवरील हा कर आरोग्यास घातक आहे, असा ओरडा डॉक्टरांनीं व सुधारकांनीं चालविला, तेव्हां कोठें १८५१ सालीं तो गेला. फ्रान्सांत १७९८ सालीं सुरू झालेली दारें-खिडक्यांवरील पट्टी तर १९२६ पर्यंत टिकली.

सरकारची नजर भिंतीवर उमटते तशी ती दारावरही उमटते. प्राग शहरांत किल्ल्याकडे चढणाऱ्या नेरूदा रस्त्यावर घरांच्या दारांवर अजून जुनीं चिन्हें आहेत. कोठें दोन सूर्य, कोठें तीन सारंग्या. दोन सूर्यांच्या घरांत यान नेरूदा हा चेक लेखक राहत असे. तीन सारंग्यांच्या घरीं वाद्यें बनविणारे कारागीर राहत. लोक घरांना ह्याच खुणांनीं ओळखीत. १७७० सालीं मारिया थेरेसाच्या सरकारनें घरांना आंकडे घातले. हेतु हा कीं, कोणत्या घरांत सैन्यास लायक किती पुरुष आहेत तें कळावें. ते नोंदणीचे आंकडे आज तांबड्या पाट्यांवर दिसतात. शेजारच्या निळ्या पाटीवर रस्त्यांतील अनुक्रम असतो. एक आंकडा सरकारच्या सोयीचा, दुसरा टपालवाल्याच्या. चिन्ह मात्र घरवाल्यानें स्वतः निवडलेलें.

ह्या मालिकेतील शेवटची खूण अलीकडची आहे. जर्मनींतील शहरांत चालतांना पायाखालीं मध्येंच एक पितळी चौकोन चमकतो. लांबीरुंदी सुमारे दहा सेंटिमीटर. गुंटर डेम्निग ह्या कलावंतानें १९९२ सालीं कोलोन येथें ह्या उपक्रमास आरंभ केला. २०२३ पर्यंत युरोपभर असे एक लक्ष दगड बसले. बहुतेकांवर आरंभीं 'येथें राहत होते' अशा अर्थाचे शब्द, मग नांव, जन्मसाल आणि कोठें नेऊन मारलें तें. नाझी सरकारनें ज्यांना हुडकून नेलें, त्यांनीं स्वेच्छेनें निवडलेल्या अखेरच्या घरापुढें हा दगड बसवितात. म्युनिकच्या नगरपालिकेनें सार्वजनिक रस्त्यांवर ह्याला परवानगी नाकारली. मृतांचें नांव पायदळीं तुडविलें जाऊं नये, हा तेथील आक्षेप. तो आम्हांस क्षुद्र वाटत नाहीं. तथापि मजकूर वाचावयाचा तर मान खालीं घालावी लागते, हेंही खरें.

सरकारला कर हवा, सैनिक हवे, म्हणून घरांची मोजदाद होणारच. सुव्यवस्थित राज्य तिच्यावांचून चालत नाहीं, हें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों आहों. परंतु मोजणाऱ्यास खिडकी दिसते, खिडकीमागील माणूस दिसतोच असें नाहीं. आणि माणूस दिसला म्हणजे तो सुरक्षित राहीलच असेंही नाहीं. राजवाडे पाहून हें उमगत नाहीं. म्हणून जुन्या शहरांत जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं एक दुपार तरी साध्या गल्ल्यांसाठीं राखून ठेवावी, आणि भिंतींत विटांनीं भरलेला चौकोन दिसला तर आंत कोण बसलें असेल, इतकें स्वतःस विचारून पाहावें.