पाठ केलेली घासाघीस

1572 मध्ये पॅरिसमध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी प्रोटेस्टंटांची कत्तल झाली. त्यानंतर अनेक फ्रेंच कुटुंबं समुद्र ओलांडून इंग्लंडला पळाली. लंडनमध्ये जीव वाचला, पण भाषा नव्हती. विणकराच्या हातात कसब होतं, बाजारात भाव करायला मात्र तोंड उघडेना.

त्यांच्यातलाच एक होता झाक बेलो. परक्या देशात भाषा न कळणाऱ्याचं दुःख काय असतं, हे त्याने स्वतः भोगलेलं. 1586 मध्ये त्याने ‘फॅमिलियर डायलॉग्ज’ हे छोटं पुस्तक काढलं. छापणारा तोमा व्होत्रोलिए, तोही फ्रान्समधून आलेला प्रोटेस्टंट. पानावर तीन रकाने: इंग्रजी वाक्य, त्याचा फ्रेंच अर्थ आणि तेच इंग्रजी फ्रेंच माणसाला उच्चारता येईल अशा स्पेलिंगमध्ये. आपण वहीत ‘हाउ मच’ देवनागरीत लिहून घेतो ना, अगदी तसंच.

यात व्याकरणाचे नियम नाहीत. माणसं सकाळी उठतात, मुलं शाळेत जातात, मग खाटीक, मासेवाला, कापडवाला अशी खरेदी चालते. दोघांनी मोठ्याने वाचलं, एक गिऱ्हाईक आणि एक दुकानदार, की झाला रोल प्ले. कल्पना बेलोच्याही आधीची आहे. 1480 च्या सुमारास विल्यम कॅक्स्टनने छापलेल्या फ्रेंच-इंग्रजी संवादांतही कापडाची घासाघीस सापडते.

पण मला या पुस्तकांत एक गोम दिसते. दुकानदाराचं उत्तरही आधीच छापलेलं आहे. खऱ्या दुकानदाराने कुठे ते पुस्तक वाचलेलं असतं?

ही गोम सुटायला जवळजवळ 400 वर्षं गेली. 1970 च्या दशकात युरोप परिषदेसाठी काही तज्ज्ञ प्रौढांच्या भाषाशिक्षणाचा नव्याने विचार करत होते. त्यांच्यातल्या डेव्हिड विल्किन्स यांचं ‘नोशनल सिलॅबसेस’ 1976 मध्ये आलं. त्यांचं म्हणणं असं की अभ्यासक्रम काळ आणि क्रियापदं यांवर न बेतता विनंती, नकार, तडजोड अशा कामांवर बेतावा. याच लाटेत वर्गात कार्डं आली. घरमालकाच्या कार्डावर लिहिलेलं असतं: भाडेकरू महिनाभर मिळालेला नाही. भाडेकरूच्या कार्डावर: दोन वर्षं राहायची तयारी आहे. एकमेकांचं कार्ड बघायचं नाही.

सगळी करामत या झाकलेल्या कार्डात आहे. समोरच्याच्या मनातलं माहीत नाही, म्हणून विचारावं लागतं, ऐकावं लागतं. ‘भाडं कमी केलंत तर दोन वर्षं राहू’ हे जर-तरचं वाक्य मग व्याकरणाचा धडा राहत नाही, त्याची गरज पडते.

पगाराची बोलणी इंग्रजीत करताना आपण बरेचदा समोरून आलेला पहिलाच आकडा मान्य करतो. तो पटलेला असतो म्हणून नव्हे, हरकतीचं वाक्य वेळेवर सुचत नाही म्हणून. वर्गात ते चुकलं तर कार्ड परत द्यायचं आणि पुन्हा खेळायचं. बेलोच्या वाचकाचा खेळ मात्र थेट बाजारात, स्वतःच्या पैशांनी व्हायचा.