सील-गळती, स्वयंचलित गिअरबॉक्समधील

स्वयंचलित गिअरबॉक्सच्या पुनर्बांधणीत तेलगळतीचे उगमस्थान व कारण ठरविण्याची कार्यपद्धती. असे गिअरबॉक्स प्रथम मोठ्या प्रमाणावर जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ नावाने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसविले.

बाह्य गळतीत तेल जमिनीवर दिसते. अंतर्गत गळतीत थेंबही बाहेर पडत नाही, परंतु पिस्टनवरील दाब घटून क्लच घसरतो व जळतो, म्हणून हीच अधिक घातक (पहा : क्लच, द्रवीय दाब). ती शोधण्यासाठी जुळणीच्या टप्प्याटप्प्यावर तेलमार्गातून बेताच्या दाबाची कोरडी हवा सोडतात. पिस्टन ‘थप्’ आवाज करून सरकला व धरून राहिला, तर सील ठीक. टेफ्लॉनच्या कड्यांतून येणारी किंचित फुसफुस स्वाभाविक असते.

बाह्य गळतीत टॉर्क कन्व्हर्टरचे सील लगेच बदलले जाते. मूळ दोष मात्र अनेकदा झिजलेल्या बुशात, कन्व्हर्टरच्या मानेवरील खाचेत किंवा कोंदलेल्या ब्रीदरमध्ये असतो. नख फिरविताना खाचेत अडकले, तर नवे सीलही गळते. बसविण्यापूर्वी सीलच्या ओठाला पेट्रोलियम जेली लावतात, कोरडा ओठ दुमडतो (पहा : ऑइल सील, वंगण).