गाळणी आधी की नंतर?

बिअरनिर्मितीची पाठ्यपुस्तकातील आकृती बहुधा एकच असते. मोड आणून वाळवलेल्या जवाचा भरडा गरम पाण्यात मुरवायचा, त्यातून निघालेला गोड रस, म्हणजे वर्ट, गाळून घ्यायचा आणि मगच त्यात यीस्ट मिसळायचे. भारतातील घरगुती किण्वनाला मात्र हा क्रम लागू पडत नाही.

या आकृतीचे जुने घरगुती रूप फिनलंडच्या ‘साहती’त दिसते. तेथे ‘कूर्ना’ नावाच्या, खोड कोरून केलेल्या लाकडी डोणीच्या तळाशी धान्याचे काड आणि जुनिपरच्या डहाळ्या अंथरतात व भरडा वर ओततात. खरी गाळणी असते ती जवाची तूस. भरड दळल्याने ती अखंड राहते, तिचा थर जमतो आणि रस झिरपत खाली येतो. फार बारीक दळल्यास हा थर चिकटून बसतो व गाळणे ठप्प होते. जवातील विकरांनी पिष्टाची साखर आधीच केलेली असल्याने उरलेल्या चोथ्याचे काम तेथे संपलेले असते.

ईशान्य भारतात पिष्ट फोडण्याचे काम बुरशी करते. दिमासा समाजाच्या ‘जुदिमा’साठी तांदूळ व थेंब्राच्या सालीपासून ‘हुमाओ’ हे विरजण तयार करतात. अशा विरजणात बुरशी व यीस्ट एकत्र नांदत असल्याने शिजवलेल्या भातात साखर होणे आणि तिचे मद्य होणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात. तेथे वर्टची वेगळी पायरीच नाही, मग गाळणार काय? अरुणाचलातील अदी लोक ‘पोरो आपाँग’साठी भातात जाळलेली तूस मिसळतात आणि किण्वन झाल्यावरच पाने लावलेल्या शंकूच्या आकाराच्या टोपलीतून पाणी ओतून मद्य उतरवून घेतात.

आधी गाळणाऱ्यांनाही विज्ञानाने एक धक्का दिला. आंद्रेआसेन आणि स्टियर यांनी १९५३-५४ मध्ये दाखवून दिले की, ऑक्सिजन नसताना यीस्टला अर्गोस्टेरॉल व असंतृप्त मेदाम्ले बाहेरून मिळावी लागतात. वर्टमधील गढूळपणाबरोबर मेदद्रव्येही येतात. त्यामुळे पुरेसा ऑक्सिजन न देता काचेसारखे नितळ केलेले वर्ट यीस्टला जड जाऊ शकते. फार गाळ राहिला तर चव बिघडते, हेही खरेच.

साहतीला युरोपीय संघाने २००२ साली पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदणी दिली, तर जुदिमाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही आपल्याकडे अशा पद्धतींची बोळवण अनेकदा ‘गावठी दारू’ या दोन शब्दांत होते. त्यांतील बुरशीचे रसायन अभ्यासक्रमाच्या आकृतीत अजून क्वचितच दिसते.