संदर्भ हवा

विकिपीडियावर एखाद्या वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात एक सूचना दिसते. इंग्रजीत ती कर्मणी प्रयोगात आहे, कोण मागतंय ते कळत नाही. हिंदीत बरीच वर्षं ती अदबीनं यायची: ‘कृपया उद्धरण जोड़ें’. मराठीत दोनच शब्द आहेत, ‘संदर्भ हवा’. कचेरीतल्या खिडकीपलीकडून कागद मागावा तसे. भाषांतर हा माझा धंदा असल्यामुळे मला या तीन सुरांची गंमत वाटते. पण हा कंस सुरुवातीपासून तिथे नव्हता, आणि तो का आला हे आपल्या भाषांसाठी जरा महत्त्वाचं आहे.

विकिपीडियाच्या आधी न्यूपीडिया होता. २००० साली जिमी वेल्स यांनी तो सुरू केला, लॅरी सँगर संपादक होते. नोंदी तज्ज्ञांनी लिहायच्या आणि सात टप्प्यांच्या तपासणीतून त्या गेल्या की मगच प्रसिद्ध व्हायच्या. वर्षभरात जेमतेम वीस-बावीस नोंदी पार पडल्या. १५ जानेवारी २००१ रोजी कुणालाही लिहिता येईल अशी शेजारची पडवी म्हणून विकिपीडिया उघडला, आणि पहिल्याच वर्षात त्याच्या इंग्रजी नोंदी वीस हजारांच्या आसपास गेल्या. पडवीनं घर गिळलं. न्यूपीडिया २००३मध्ये बंद पडला.

विश्वासार्हतेचा प्रश्न तेव्हा कुणी फारसा मनावर घेतला नव्हता. चूक असेल तर दुसरा कुणी दुरुस्त करील, एवढाच भरवसा. तो २००५मध्ये कोसळला. जॉन सीगेनथालर हे अमेरिकेतले नामांकित पत्रकार, तरुणपणी रॉबर्ट केनेडींचे सहायक. त्यांच्या चरित्रनोंदीत मे महिन्यात कुणीतरी थट्टेनं लिहून ठेवलं, की दोन्ही केनेडी बंधूंच्या खुनांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. हे चार महिन्यांहून अधिक काळ तसंच राहिलं, इतर संकेतस्थळांनी ते उचललंही. २९ नोव्हेंबरला सीगेनथालर यांनी ‘यूएसए टुडे’त लेख लिहिला. ज्यानं लिहिलं त्याला नाव नव्हतं, म्हणून जाब विचारायलाही कुणी नव्हतं.

त्यानंतरच्या महिन्याभरात इंग्रजी विकिपीडियावर नाव न नोंदवता नवी नोंद सुरू करणं बंद झालं आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळे, कडक नियम आले. त्याच डिसेंबरात ‘नेचर’ साप्ताहिकानं विज्ञानाच्या ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात १६२ चुका निघाल्या, ब्रिटानिकात १२३. ब्रिटानिकानं पुढे या तपासणीच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला. तो वाद इथे नको. मला त्यातली एकच गोष्ट लक्षणीय वाटते: ब्रिटानिकातही चुका असतात, हे लोकांनी मोजून पाहिलं.

खरा बदल मात्र संदर्भांच्या सक्तीनं झाला. लिहिणारा कोण हे विचारायचं नाही. त्यानं कुठून आणलं हे विचारायचं. वाक्य खरं आहे की नाही यापेक्षा ते पडताळता येतं की नाही, हा निकष झाला.

मराठी वाचकाला हे उलटं वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे कोशाची पत माणसाच्या नावावर उभी राहिली. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी लिमिटेड कंपनी काढून, भाग विकून, तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश पुरा केला. आजही आपण ‘केतकरांचा ज्ञानकोश’ म्हणतो, कंपनीचं नाव कुणाच्या तोंडी नाही. वाईच्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. पहिल्या खंडापासून त्यामागे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींची पुण्याई होती. नोंद चुकली तर कुणाला धरायचं हे ठाऊक असे. विकिपीडियानं नाव काढून घेतलं आणि त्या जागी तळटीप ठेवली.

इंग्रजीत हा सौदा परवडतो, कारण तिथे तळटिपेत घालायला छापील जग आहे. मराठी विकिपीडिया २००३पासून आहे. मी तिथल्या नोंदी भाषांतरासाठी चाळते तेव्हा खाली पुष्कळदा इंग्रजी पुस्तकांची आणि इंग्रजी वर्तमानपत्रांची नावं दिसतात. मजकूर मराठी, साक्षीदार परका. आणि जे कधी छापलंच गेलं नाही, एखाद्या गावचा खेळ, एखादी जत्रा, चुलीवरचा एखादा पदार्थ, त्याची नोंद पहिल्याच ओळीला कंसात अडते.

हा पेच २०११मध्ये भारतातूनच मांडला गेला. बंगळुरूचे अचल प्रभाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी, मल्याळम आणि दक्षिण आफ्रिकेतली उत्तर सोथो या तीन भाषांत तोंडी संदर्भांचा प्रयोग केला. जाणकार गावकऱ्यांशी बोलायचं, ते ध्वनिमुद्रित करायचं आणि ते मुद्रण तळटिपेत जोडायचं. ऐकणाऱ्यानं ऐकून पडताळावं. ‘पीपल आर नॉलेज’ नावाची फिल्मही त्यावर निघाली. इंग्रजी विकिपीडियावरच्या अनेक संपादकांचा आक्षेप असा, की हे स्वतःचं संशोधन झालं, आणि तसं संशोधन कोशात बसत नाही.

हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. सीगेनथालर यांच्यावर किटाळ घेणाऱ्यालाही एखादं ध्वनिमुद्रण तयार करता आलं असतं. पण वर्तमानपत्रातली बातमी तरी काय असते? वार्ताहर गावात जातो, दोघाचौघांना विचारतो, लिहितो. तेच आजोबा वार्ताहराशी बोलले तर संदर्भ, आणि कोशकाराशी बोलले तर संशोधन. मधल्या माणसाच्या मागे संपादक असतो, हे उत्तर बरोबर आहे. मग तो संपादक आपल्या भाषेत कोण व्हायचा, हा प्रश्न उरतो. विद्यापीठांचे भाषाविभाग होऊ शकतील. गावोगावची जुनी ग्रंथालयंही होऊ शकतील: मुद्रण जपायचं, बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख नोंदवायची, कुणी ऐकायला आलं तर ऐकवायचं. म्हणजे केतकरांचं नाव आणि विकिपीडियाची तळटीप, दोन्ही एकाच ओळीत.