पडद्यामागचे हात : मुंबईचे ॲनिमेशन आणि त्यावर जडलेला जीव

भारतीय ॲनिमेशनचा इतिहास सहसा स्टुडिओंची स्थापना, तंत्राचे टप्पे आणि पारितोषिके यांच्या क्रमाने सांगितला जातो, आणि त्या सांगण्यात एक गोष्ट सातत्याने निसटते. ती म्हणजे काही मोजक्या चित्रकृतींवर, त्या घडवणाऱ्यांचा आणि लहानपणी त्या पाहणाऱ्यांचा, तीस-चाळीस वर्षे टिकून राहिलेला जीव. स्थिर चित्र किंवा वस्तू चौकटीगणिक किंचित बदलत नेऊन तिचे चित्रण करायचे आणि त्या चौकटी वेगाने दाखवून हालचालीचा भास निर्माण करायचा, या कलेला ॲनिमेशन म्हणतात. पडद्यावरच्या एका सेकंदात 24 चौकटी सरकतात, म्हणजे सात मिनिटांच्या पटात त्या दहा हजारांच्या पलीकडे जातात. एकच चित्र दोन-दोन चौकटींना वापरण्याची सवलत घेतली तरी हाताने काढायची चित्रे हजारोंच्या घरात राहतात. एवढ्या संथ कामाला नोकरीची शिस्त पुरत नाही, त्यात जीव गुंतावा लागतो. मुंबईत आकाराला आलेल्या या व्यवसायाच्या दोन कृती, 1974 सालची ‘एक, अनेक और एकता’ आणि 1992 सालची ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’, या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत, कारण दोन्ही बाबतींत प्रेक्षकांची माया चित्रावर जडली आणि चित्र काढणाऱ्यांची नावे मात्र त्यांच्यापर्यंत फार उशिरा पोचली.

या व्यवसायाचे मूळ मराठी मुलखात आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी कथापटाकडे वळण्याआधी रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून ती पडद्यावर सलग घडताना दाखवण्याचा प्रयोग केला होता, आणि 1915 मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या पटात काड्यांना चालते-बोलते केले. तो पट आज उपलब्ध नाही. 1934 मध्ये प्रभात फिल्म कंपनीने रघुनाथ केळकर यांनी केलेला ‘जंबू काका’ हा कार्टूनपट आणला. हे प्रयत्न एकेकट्याच्या हौसेवर उभे होते. चित्रकारांची फळी, शाईकाम व रंगकाम करणारे हात, पार्श्वभूमी रंगवणारे आणि खास कॅमेरा चालवणारे असा जो संच या कलेला लागतो, तो पोसण्याची ताकद एकट्या चित्रपट कंपनीत नव्हती, आणि म्हणून हे धागे तिथेच थांबले.

संच उभा राहिला तो सरकारी आश्रयाने. 1948 मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत कार्टून विभाग सुरू केला आणि 1956 मध्ये अमेरिकी तांत्रिक साहाय्य योजनेखाली क्लेअर वीक्स हे डिस्ने स्टुडिओतले अनुभवी ॲनिमेटर प्रशिक्षणासाठी आले. वीक्स यांचा जन्म भारतात, मिशनरी कुटुंबात झाला होता आणि ‘बाम्बी’ या हरणाच्या पाडसावरच्या पटाच्या कामात त्यांचा सहभाग होता; तेव्हा त्यांच्या मार्गदर्शनाखाली विभागाने 1957 मध्ये जो पट पूर्ण केला तोही हरणांचाच असावा, हा योगायोग लक्षात राहतो. जातककथेवर आधारलेल्या त्या ‘द बनियन डीअर’चे दिग्दर्शन जी. के. गोखले यांनी केले. त्या काळच्या पद्धतीत मुख्य ॲनिमेटर हालचालीच्या ठळक अवस्था रेखाटत असे, मधल्या अवस्था भरण्याचे काम साहाय्यकांकडे जाई, मग प्रत्येक रेखाटन ‘सेल’वर, म्हणजे सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर, शाईने उतरवले जाई आणि तावाच्या पाठीमागून रंग भरला जाई. पार्श्वभूमीचे चित्र खाली आणि पात्रांचे ताव वर, अशी रचना कॅमेऱ्याखाली मांडून एकेक चौकट टिपली जात असे. रसायनशास्त्राचा पुढचा अभ्यास सोडून 1956 मध्ये इथे आलेले राम मोहन आणि 1961 मध्ये पार्श्वभूमी रंगवण्याच्या कामावर लागलेले भीमसेन हे दोघे याच शिस्तीत घडले, आणि पुढच्या दोन्ही कहाण्या त्यांच्या हातून जातात.

‘एक, अनेक और एकता’ची कल्पना आणि दिग्दर्शन विजया मुळे यांचे. मुंबईत 1921 मध्ये जन्मलेल्या मुळे लग्नानंतर पाटण्याला गेल्या, तिथे फिल्म सोसायटीच्या चळवळीत उतरल्या, आणि 1959 मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फिल्म सोसायट्यांचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला तेव्हा त्या त्याच्या संस्थापक मंडळींत होत्या. शिक्षण आणि चित्रपट ही त्यांच्या आयुष्याची दोन सूत्रे या छोट्या पटात एकत्र आली. लहान भाऊ मोठ्या बहिणीला ‘एक’ आणि ‘अनेक’ यांतला भेद विचारतो आणि ती त्याला पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या पक्ष्यांची गोष्ट सांगते. पक्षी एकजुटीने जाळे घेऊनच उडतात आणि उंदीर ते कुरतडून त्यांना मोकळे करतात. ही कथा पंचतंत्राच्या ‘मित्रसंप्राप्ती’ या दुसऱ्या तंत्रातली, कपोतराज चित्रग्रीव आणि हिरण्यक उंदीर यांची, शतकानुशतके शाळकरी पाठांतरात मुरलेली. मुळे यांनी ती उपदेशाच्या सुरात न मांडता भावंडांच्या खेळात गुंफली, आणि भीमसेन यांनी तिला इतक्या साध्या, गोलाईदार रेषेत उतरवले की पाहणाऱ्या मुलाला आपणही हे काढू शकू असे वाटावे. ती साधेपणाची किमया फार अवघड असते. अवघ्या चार-दोन रेषांत पक्ष्यांचा थवा एका लयीत उचलायचा तर लय आधी चित्रकाराच्या बोटांत असावी लागते.

त्या लयीचा दुसरा अर्धा भाग संगीतात आहे. संगीतकार वसंत देसाई सावंतवाडी-कुडाळच्या परिसरातले, प्रभातमध्ये उमेदवारी करून पुढे ‘श्यामची आई’ आणि ‘दो आंखें बारह हाथ’ या पटांना संगीत देणारे. शाळकरी मुलांच्या समूहगानावर त्यांचा विशेष लोभ होता आणि डिसेंबर 1975 मध्ये झालेल्या अपघाती मृत्यूपूर्वीच्या त्यांच्या शेवटच्या कामांत हा पट येतो. शब्द पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी घालून दिलेल्या परंपरेत त्यांनी 1939 मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले होते. गाणाऱ्या मुलांत दाभोळची साधना घाणेकर होती, पुढे साधना सरगम या नावाने ख्यात झालेली, तेव्हा जेमतेम शाळेत जाऊ लागलेली. हिंदीतल्या या सात मिनिटांत मराठी संगीतविश्वाचे इतके धागे एकवटले आहेत, ही गोष्ट मराठी वाचकांनाही फारशी परिचित नाही. पटाला सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, परंतु त्याचे आयुष्य पुरस्काराने वाढवले नाही. ते वाढवले दूरदर्शनने, दोन कार्यक्रमांच्या मध्ये, वेळ उरला की, पुन्हा पुन्हा तो दाखवून. कार्यक्रमपत्रिकेत जाहीर न होता अवचित लागणारा हा पट मुलांना भेटीसारखा वाटे, आणि कित्येक घरांत तो सुरू झाल्याची हाक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात असे.

या प्रेक्षकवर्गाची व्याप्ती महाराष्ट्राच्या नकाशात मावत नाही. सुरतेच्या आग्नेय भागातील नवागाम, दिंडोली, उधना, लिंबायत या वस्त्यांमध्ये धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून आलेली मराठीभाषक कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तापी खोऱ्यातून सुरतेकडे येणारा, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झालेला लोहमार्ग उधन्याला मुख्य मार्गास मिळतो, आणि यंत्रमाग, रंगाई व छपाईच्या कारखान्यांतील कामासाठी खानदेशातील माणसे याच वाटेने येत राहिली. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा या स्थलांतराची शैक्षणिक खूण आहेत. घरी अहिराणी, वर्गात मराठी, बाजारात गुजराती आणि दूरचित्रवाणीवर हिंदी, अशा चार भाषांत वाढणाऱ्या मुलापुढे पक्ष्यांच्या त्या गोष्टीचा आशय शब्दांपेक्षा चित्रातून अधिक थेट पोचतो. वेगवेगळी माणसे मिळून काहीतरी बनते, हे सूत्र नवागामसारख्या वस्तीत पाठ्यपुस्तकातले राहत नाही, तर शेजार म्हणूनच अनुभवाला येते. मुंबईत रेखाटलेली चित्रे ज्या प्रेक्षकासाठी खऱ्या अर्थाने उपयोगी पडली, तो प्रेक्षक असा भाषांच्या सांध्यावर राहणारा होता, असे म्हणता येईल.

दुसरी कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिचा आरंभ एका परदेशी माणसाच्या ओढीतून झाला. जपानी निर्माते युगो साको 1983 मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या शृंगवेरपूर येथील उत्खननावरील माहितीपटाच्या निमित्ताने भारतात आले आणि रामकथेत गुंतले. त्यांनी तिच्या अनेक आवृत्त्या जपानी भाषेत मिळवून वाचल्या आणि ही कथा अभिनेत्यांपेक्षा रेखाटनांतून अधिक नीट उभी राहील असा निष्कर्ष काढला, कारण देवत्व पावलेल्या नायकाला कोणा एका नटाच्या चेहऱ्यात बांधणे त्यांना पटत नव्हते. परकीयाने राष्ट्रीय वारशाला हात घालावा का, असा आक्षेप विश्व हिंदू परिषदेकडून आला. तो गैरसमज दूर झाला तरी इतका संवेदनशील विषय कार्टूनमध्ये दाखवण्यास भारत सरकार तयार नव्हते, आणि सहनिर्मितीचा विचार मागे पडून काम जपानमध्ये सुरू झाले. पट मात्र दोन देशांच्या हातांनी घडला. राम मोहन हे साको आणि कोइची सासाकी यांच्याबरोबर दिग्दर्शनात होते, आणि सुमारे 450 कलावंतांच्या त्या पथकात भारतीय ॲनिमेटर जपानी सहकाऱ्यांना धोतर कसे नेसतात, वडीलधाऱ्यांच्या पाया कसे पडतात, आशीर्वादाचा हात कसा उचलला जातो हे करून दाखवत. संगीत वनराज भाटिया यांचे आणि संस्कृत गीते वसंत देव यांची.

सुमारे सव्वादोन तासांचा हा पट जानेवारी 1993 मध्ये नवी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, पण डिसेंबर 1992 नंतरच्या दंगलींनी बिघडलेल्या वातावरणात त्याला सर्वत्र चित्रपटगृहे मिळाली नाहीत. हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा होता. तेच गोविल रामानंद सागरांच्या 1987-88 च्या मालिकेत राम झाले होते, आणि ती मालिका सुरतेच्या दक्षिणेस, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या उंबरगावात चित्रित झाली होती. अमरीश पुरी यांचा रावण आणि शत्रुघ्न सिन्हा यांचे निवेदन यांमुळे हिंदी पटाला स्वतंत्र स्वभाव लाभला. चित्रपटगृहात हुकलेला हा पट पुढे उपग्रह वाहिनीवर, विशेषतः सणासुदीच्या दिवसांत, वारंवार लागू लागला, आणि 1990 नंतर जन्मलेल्या पिढीला रामकथेचे पहिले दर्शन अनेकदा याच चित्रांतून झाले. इथे ‘एक, अनेक’च्या इतिहासाची पुनरावृत्ती दिसते. दोन्ही कृतींना ज्या रीतीने प्रेक्षक मिळायला हवा होता त्या रीतीने तो मिळाला नाही, छोट्या पडद्यावरच्या आवर्तनांनी तो मिळवून दिला, आणि ते आवर्तन नेमके त्या वयात झाले ज्या वयात एकच गोष्ट दहा वेळा ऐकूनही तृप्ती होत नाही. पुण्याच्या आकाशवाणीवर 1955-56 मध्ये आठवड्यागणिक आलेल्या ‘गीतरामायणा’ने मराठी घरांत जी जागा मिळवली, तीही अशाच नियमित पुनर्भेटीतून मिळवली होती.

राम मोहन यांचे पुढचे काम पाहिले म्हणजे घडवणाऱ्याचा जीव किती दूरवर पुरतो हे कळते. युनिसेफने दक्षिण आशियातील मुलींच्या शिक्षण-आरोग्यासाठी आखलेल्या ‘मीना’ या मालिकेतली मीना, तिचा भाऊ राजू आणि बोलका पोपट मिठू यांना रूप देण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि भारत, बांगलादेश, नेपाळ व पाकिस्तान या चारही देशांत ती मुलगी आपल्याच गावची वाटावी असा चेहरा शोधणे हे काम त्या मालिकेच्या यशाचे खरे गमक मानावे लागते. पुढे त्यांनी प्रशिक्षणसंस्था काढली आणि 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एप्रिल 2018 मध्ये भीमसेन गेले, मे 2019 मध्ये विजया मुळे आणि ऑक्टोबर 2019 मध्ये राम मोहन. साको त्याआधीच, 2012 मध्ये. मुळे गेल्या तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी त्यांची ओळख प्रामुख्याने त्या सात मिनिटांच्या पटावरून करून दिली, आणि ज्यांनी तो लहानपणी शेकडो वेळा पाहिला होता अशा अनेकांना दिग्दर्शिकेचे नाव त्या दिवशी प्रथम कळले.

24 जानेवारी 2025 रोजी रामायणपट डिजिटल पुनरुज्जीवन करून भारतीय चित्रपटगृहांत आला. तीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मोठ्या पडद्यावर तो पाहणाऱ्यांत लहान मुलांपेक्षा लहानपणी पाहिलेली माणसेच उत्सुक होती, आणि नव्या हिंदी आवाजांऐवजी गोविल-पुरींचेच आवाज हवेत असा आग्रह त्यांच्यापैकी अनेकांनी धरला. या आग्रहाकडे निव्वळ स्मरणरंजन म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. आवाज बदलला की ज्या कृतीवर जीव जडला ती कृतीच बदलते, ही प्रेक्षकाची जाण रास्त आहे, आणि मूळ ध्वनिपट्टी हा कलाकृतीचा अविभाज्य अंश मानून तिचे जतन व्हावे, ही मागणी त्यातून सरळ निघते. तीच जाण रेषेच्या बाबतीतही जागी व्हायला हवी. सेलवर शाई उतरवणाऱ्या, मधल्या अवस्था भरणाऱ्या, पार्श्वभूमीवर दिवसच्या दिवस रंग चढवणाऱ्या कार्टून विभागातील कर्मचाऱ्यांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच उतरली. 2019 मध्ये पेडर रोडच्या गुलशन महालात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि 2022 मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. कार्टून विभागाच्या हजेरीपटांतून आणि कामाच्या नोंदींतून ही नावे वेचून प्रत्येक पटासमोर मांडणे, त्या काळातले जे कलावंत हयात आहेत त्यांच्या तोंडून कामाची पद्धत ध्वनिमुद्रित करून ठेवणे, हे काम आता व्हायला हवे, कारण ज्यांनी ते हात प्रत्यक्ष चालताना पाहिले अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.