डब्यातला धूर आणि सहप्रवाशाची संमती

लखनौच्या चारबाग स्थानकाविषयी एक दंतकथा सांगितली जाते: आत उभ्या असलेल्या इंजिनाचा आवाज म्हणे इमारतीबाहेर ऐकू येत नाही. १९१४ मध्ये या वास्तूची पायाभरणी झाली तेव्हा डब्यातील विडी-सिगारेटला १८९० चा रेल्वे कायदा लागू होता. त्याच्या कलम ११० नुसार, धूम्रपानासाठी राखलेला डबा सोडून इतरत्र सहप्रवाशांच्या संमतीवाचून धूर काढणाऱ्यास वीस रुपयांपर्यंत दंड होई. त्या काळी ही रक्कम किरकोळ नव्हती. मात्र धूर हा तेव्हा शिष्टाचाराचा प्रश्न होता. परक्याच्या धुराने कर्करोग होतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

तो पुरावा १९८१ मध्ये जपानमधून आला. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्राच्या संशोधन संस्थेतील ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षांची नोंद तपासली. ज्यांचे पती दिवसाला वीस किंवा अधिक सिगारेटी ओढत, त्या स्त्रियांचे फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण धूम्रपान न करणाऱ्यांच्या पत्नींच्या सुमारे दुप्पट होते. तंबाखू उद्योगाने या निष्कर्षावर कडाडून हल्ला चढवला. पण त्याच वर्षी ग्रीसमधील अभ्यासाचाही रोख तोच निघाला. कारणही उमगण्याजोगे आहे. झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगारेटचे टोक कमी तापमानाला अर्धवट जळत राहते, आणि शेजाऱ्याच्या श्वासात जातो तो बहुतांशी हाच न गाळलेला धूर.

आश्चर्य असे, की यानंतर आठ वर्षांनी आलेल्या १९८९ च्या रेल्वे कायद्याने एक पाऊल मागे घेतले. गाडीत सरसकट बंदी घालण्याचा अधिकार रेल्वे प्रशासनाला मिळाला खरा. पण एरवी कलम १६७ अन्वये सहप्रवाशाने हरकत घेतली तरच धूम्रपान वर्ज्य ठरले. पूर्वी संमती मागण्याचा भार ओढणाऱ्यावर होता, आता तोंड उघडण्याचा भार सोसणाऱ्यावर आला. चारबागला लागूनच असलेल्या लखनौ जंक्शनवरून पुष्पक एक्सप्रेसने मुंबईला निघालेल्या प्रवाशाला शेजाऱ्यासोबत एक अख्खा दिवस-रात्र काढायची असते. अशा ठिकाणी हरकत घेणार कोण?

हा पेच अखेर मुंबईकर याचिकाकर्त्याने सोडवला. माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेसह सार्वजनिक वाहने, रुग्णालये, शाळा, ग्रंथालये येथे धूम्रपानास मनाई केली. आधार घेतला तो राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा. संमती वा हरकत, दोन्ही शब्द निरर्थक ठरले. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने परक्या धुराला मानवी कर्करोगाचे कारण म्हणून नोंदवले; २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक स्थळी दोनशे रुपयांपर्यंत दंडाची तरतूद अमलात आली.

हिरायामांच्या अभ्यासातील स्त्रियांना मात्र तो धूर घरात मिळाला होता, आणि आपला कायदा उंबरठ्याशी थांबतो. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केलेल्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढ घरातच या धुराच्या संपर्कात येत असल्याचे आढळले.